जुना हात, नवे यंत्र

सिडनीतल्या एका सर्जनने प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी ३,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या होत्या. ओटीपोट उघडायचे, हात आत घालायचा, बोटांनी चाचपत ग्रंथी मोकळी करायची, ही त्याची वर्षानुवर्षांची 'ओपन' रीत. मग रोबोट आला. आता रुग्णापासून काही पावलांवर बसून यंत्राचे हात चालवायचे होते. रोग तोच, अवयव तोच, सर्जनही तोच. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक काम नेटाने केले. ओपन आणि रोबोटिक मिळून सलग १,५५२ रुग्णांचा हिशेब ठेवला, आणि त्यातले एकही पान लपवले नाही.

जेम्स थॉम्पसन, फिलिप स्ट्रिकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. रोग ग्रंथीपुरताच असलेल्या रुग्णांत, रोबोटवरच्या सुरुवातीच्या काळात काढलेल्या ग्रंथीच्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडण्याची शक्यता ओपनच्या तुलनेत सहापटीच्या आसपास होती. कडेला पेशी सापडणे म्हणजे काही पेशी आत राहून गेल्याची भीती. रोबोटचा निकाल या बाबतीत ओपनच्या पुढे जायला १०८ शस्त्रक्रिया लागल्या. लैंगिक क्षमता टिकण्याच्या बाबतीत ९९, तर शस्त्रक्रियेनंतरच्या सुरुवातीच्या काळात लघवीवर ताबा राहण्याच्या बाबतीत १८२. पुढे मात्र या तिन्ही बाबतींत रोबोटचे निकाल ओपनपेक्षा सरस झाले आणि सरसच राहिले.

तीन हजार शस्त्रक्रियांचा अनुभव त्या पहिल्या शंभर रुग्णांच्या वेळी कुठे गेला होता? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सर्जन, संख्याशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अशा तीन जातींच्या माणसांची कामे एकत्र आणावी लागतात. त्या शोधाची ही गोष्ट आहे.

आधी जागा समजून घेऊ. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, कटीच्या हाडांच्या खोल बेचक्यात असते. तिच्या मधून मूत्रमार्ग जातो, खाली लघवी धरून ठेवणारा स्नायू असतो, मागे गुदाशय. दोन्ही बाजूंनी लैंगिक क्षमतेच्या नसा इतक्या चिकटून जातात की त्या नेमक्या कुठून जातात हे १९८० च्या दशकापर्यंत सर्जनांनाही स्पष्ट नव्हते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या पॅट्रिक वॉल्श यांनी हॉलंडच्या पीटर डोंकर यांच्यासोबत त्या नसांचा माग काढला आणि १९८२ मध्ये त्या वाचवून ग्रंथी काढून दाखवली. इथे चूक मिलिमीटरची असते आणि तिची किंमत रुग्ण उरलेले आयुष्य मोजतो. म्हणूनच सर्जनच्या हाताची परीक्षा या शस्त्रक्रियेइतकी फार थोड्या ठिकाणी लागते.

हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीने करण्याचा प्रयत्न अमेरिकेत विल्यम शूस्लर आणि सहकाऱ्यांनी केला. १९९७ मध्ये त्यांनी नऊ रुग्णांचा अनुभव मांडला. एकेका शस्त्रक्रियेला सरासरी ९.४ तास लागले होते, आणि ओपनला हा पर्याय ठरत नाही, असेच त्यांचे मत झाले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा त्रास आपल्याकडच्या सर्जनांना नवा नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ३१ मे १९९० रोजी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, भारतातली ही पहिली अशी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर एका अख्ख्या पिढीला नव्याने शिकायला बसावे लागले. लांब सळईसारखे अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर टेकलेले असते. त्यामुळे हात डावीकडे नेला की आतले टोक उजवीकडे जाते. मनगट आत वळत नाही. पडद्यावर खोली दिसत नाही. पित्ताशयात हे निभावते. कटीच्या बेचक्यात बारीक टाके घालताना मात्र भल्याभल्यांची कसोटी लागते. पॅरिसमध्ये गी व्हॅलांसिएं आणि बर्ट्रांड गियोनो यांनी १९९८ पासून ती कसोटी पार करून दाखवली, पण त्यांच्यामागून जाणे प्रत्येकाला जमणारे नव्हते.

रोबोट आला तो नेमका या अडचणीवर. नावावरून वाटते तसे हे यंत्र स्वतःहून काही करत नाही. सर्जन यंत्र चालवण्याच्या कन्सोलमध्ये डोके घालून बसतो, त्याला आतले दृश्य खोलीसकट, कित्येक पटींनी मोठे दिसते. तो बोटे आणि मनगट जसे हलवेल तसेच आतल्या अवजाराचे टोक हलते, डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. टोकाला मनगटासारखा सांधा असतो. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. हाताची मोठी हालचाल आत बारीक करून पाठवता येते. अमेरिकेत 'दा विंची' या यंत्राला जुलै २००० मध्ये परवानगी मिळाली. मात्र एक गोष्ट त्याने काढून घेतली होती. ऊतीचा मऊपणा, ताण, दोऱ्याची ओढ, यांतले काहीच बोटांपर्यंत पोहोचत नव्हते.

डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात तेव्हा मणी मेनन हे युरॉलॉजीचे प्रमुख होते. केरळात जन्मलेले, पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये शिकलेले, घडण पूर्णपणे ओपन शस्त्रक्रियेची. त्यांनी पॅरिसच्या मंडळींना बोलावून दुर्बिणीची प्रोस्टेट शस्त्रक्रिया शिकण्याचा रीतसर कार्यक्रम आखला आणि त्याच वाटेवर रोबोट हाती घेतला. २००२ मधल्या त्यांच्या लेखात अशोक हेमल, आशुतोष तिवारी अशी भारतीय नावे व्हॅलांसिएं यांच्या शेजारी दिसतात. दुर्बिणीत न मुरलेल्या ओपन सर्जनला रोबोट हे कौशल्य लवकर देऊ शकेल, अशी त्यांची आशा होती.

पाठोपाठ २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनहून थॉमस अहलरिंग यांचा लेख आला. दुर्बिणीचा अनुभव नसलेला, पण ओपनमध्ये मुरलेला सर्जन रोबोटच्या मदतीने ८ ते १२ शस्त्रक्रियांत सरावला. बाराव्या शस्त्रक्रियेच्या आसपास तो चार तासांच्या आत काम संपवू लागला. शंभराहून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केलेल्यांच्या तोडीचे हे काम आहे, असे त्यांनी लिहिले. जगभरच्या ओपन सर्जनांना दिलासा मिळाला. त्यांचा अर्थ सरळ होता: यंत्र नवे असले तरी हात जुनाच चालतो.

इथे गोष्टीत एक माणूस येतो, ज्याने आयुष्यात कधी सुरी धरली नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातले अँड्र्यू व्हिकर्स संख्याशास्त्रज्ञ आहेत. सर्जनने घेतलेला वेळ, गेलेले रक्त, रुग्णालयातले दिवस, या नेहमीच्या मोजमापांच्या पलीकडचे त्यांनी मोजायला घेतले. पाच वर्षांनी कर्करोग परत आला की नाही? आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या सर्जनच्या मागे किती शस्त्रक्रियांचा अनुभव होता?

२००७ मध्ये ७२ सर्जन आणि ७,७६५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे ओपन शस्त्रक्रियेचे रुग्ण. ज्या सर्जनने आधी १० शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्याच्या रुग्णांत पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण १७.९ टक्के होते. २५० केलेल्याच्या बाबतीत ते १०.७ टक्क्यांवर उतरले होते. अनुभवाने रुग्ण वाचतो, हे एरवी सगळे मानतात. व्हिकर्स यांनी त्याला आकडा दिला.

खरा धक्का २००९ मध्ये बसला. या वेळी दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणारे युरोप आणि उत्तर अमेरिकेतले २९ सर्जन आणि ४,७०२ रुग्ण घेतले होते. इथेही अनुभव वाढला तसा रोग परतण्याचे प्रमाण घटले, पण फार सावकाश. दहा शस्त्रक्रियांच्या टप्प्यावर १७ टक्के, २५० ला १६, आणि ७५० ला पोहोचल्यावर ९. त्यापुढचा निष्कर्ष कोणी अपेक्षिला नव्हता. ज्या सर्जनांनी आधी ओपन पद्धतीने प्रोस्टेट काढल्या होत्या, त्यांचे दुर्बिणीतले निकाल पहिल्यापासून दुर्बिणीनेच शिकलेल्यांपेक्षा वाईट होते. फरक थोडाथोडका नव्हता, १२.३ टक्क्यांचा होता.

सर्जन मोजकेच होते आणि अशा अभ्यासातून कारण पक्के सिद्ध होत नाही, हे खरे. तरी आकडा इतका मोठा होता की बाजूला सारता येत नव्हता. एकीकडे अर्वाइन सांगत होते की ओपनचा अनुभव नव्या यंत्राला लगेच लागू पडतो. दुसरीकडे न्यूयॉर्कचे आकडे म्हणत होते की तो दुर्बिणीत आडवा येतो. दोन्ही खरे कसे असेल?

किल्ली शंभर वर्षे जुनी होती. १९०१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रश्न तपासला होता: एका कामाचा सराव दुसऱ्या कामात कितपत उपयोगी पडतो? सराव केला की सगळी बुद्धीच तल्लख होते, असा तोवरचा समज होता. त्यांना तसे आढळले नाही. दोन कामांमध्ये जेवढे घटक सारखे, तेवढाच सराव एकातून दुसऱ्यात जातो, असे त्यांनी मांडले. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली. परिस्थिती सारखी दिसते पण हालचाल वेगळी करावी लागते, अशा ठिकाणी जुनी सवय मदत तर करत नाहीच, वाट अडवते.

वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या संभाजीनगरला हे सांगायला बजाज चेतक पुरे. चेतकचा गिअर डाव्या मुठीत होता. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाखाली. वीस वर्षे चेतक चालवलेला माणूस मोटारसायकलवर बसला की जालना रोडची गर्दी त्याला तोंडपाठ असते, रिक्षा कधी वळेल, कुठे वाळू सांडलेली असेल, हे तो आधीच ओळखतो. पण ऐनवेळी त्याची डावी मूठ नसलेला गिअर फिरवायला जाते. नवशिक्या पोराला ती मूठ फिरवायची सवय नसते, आणि रिक्षा कधी वळेल हेही ठाऊक नसते. दोघांपैकी अनुभवी कोण, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रस्त्याचा अनुभव वेगळा, मुठीचा वेगळा.

शस्त्रक्रियेच्या अनुभवाचेही असेच दोन भाग पडतात. एक भाग रुग्णाच्या शरीराचा: ऊतींचे थर कुठे सुटतात, रक्तवाहिनी कुठे दडलेली असते, रक्तस्राव झाला तर आधी काय करायचे, आणि पुढे न जाता कधी थांबायचे. दुसरा भाग सर्जनच्या स्वतःच्या शरीराचा: बोटांचा दाब, मनगटाचा कोन, स्पर्शावरून घेतलेले निर्णय. पहिला भाग कोणत्याही पद्धतीत सोबत येतो, कारण रुग्णाची रचना यंत्र पाहून बदलत नाही. दुसरा भाग अवजाराशी बांधलेला असतो.

आता आकडे जुळू लागतात. दुर्बिणीत हालचाल उलटी, मनगट बंद, खोली नाहीशी. म्हणजे ओपन सर्जनच्या हातातले जवळजवळ काहीच तिथे सारखे नाही आणि त्याची सवय प्रत्येक टाक्याला विरोध करते. रोबोटने सरळ हालचाल आणि मनगट परत दिले, म्हणून अर्वाइनचा सर्जन बारा शस्त्रक्रियांत सरावला. पण स्पर्श परत मिळाला नव्हता. जो सर्जन बोटाने चाचपून ग्रंथीची कड ठरवत आला, त्याला आता ऊती किती ताणली गेली हे तिच्या रंगावरून आणि चमकेवरून, डोळ्यांनी ओळखायचे होते. बोटांचे काम डोळ्यांना शिकवायला वेळ लागतो. सिडनीतल्या शंभर-दीडशे शस्त्रक्रिया तिथे खर्ची पडल्या, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट या जुळणीतून उघड होते. अर्वाइनच्या बारा शस्त्रक्रियांच्या आकड्यात घड्याळाचे वजन मोठे होते. सिडनीने कर्करोगाची कड आणि रुग्णाचा लघवीवरचा ताबा मोजला. सर्जनचा वेग आधी येतो, रुग्णाचा निकाल त्यानंतर खूप उशिरा. मधल्या काळात सर्जनला आपण शिकलो असे मनापासून वाटत असते आणि रुग्ण मात्र अजून त्याच्या शिक्षणाची किंमत मोजत असतो. या साऱ्या शोधातला सगळ्यात गंभीर धडा मला हा वाटतो.

मग तरुणांचे काय? २००७ मध्येच जेम्स रॉसर यांनी न्यूयॉर्कमध्ये ३३ सर्जनांची दुर्बिणीच्या सरावातली कामगिरी तपासली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या चुका ३७ टक्क्यांनी कमी आणि वेग २७ टक्क्यांनी जास्त निघाला. पडदा पाहत हात चालवण्याची सवय त्यांनी वेगळ्याच ठिकाणाहून आणली होती. पण गेमने कोणाला ऊतीचे थर शिकवले नाहीत. आणि रोबोटच्या खोलीत तरुणांची दुसरीच अडचण झाली. ओपन शस्त्रक्रियेत निवासी डॉक्टर समोर उभा राहतो, जखम धरतो, रक्त टिपतो, टाके घालतो. त्याचे हात सतत कामात असतात. रोबोटवर वरिष्ठाला दुसऱ्या हातांची गरज फारशी उरत नाही. मॅथ्यू बीन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत बसून हे पाहिले आणि २०१९ मध्ये मांडले: शिकणारे डॉक्टर तासन् तास नुसते बघत बसतात, कन्सोलवर त्यांना मोजकी मिनिटे मिळतात.

म्हणजे वरिष्ठाकडे रुग्णाचे ज्ञान आहे पण हाताला जुनी सवय आहे. तरुणाकडे मोकळा हात आहे पण रुग्णाचे ज्ञान नाही आणि हात चालवायला संधीही नाही. दोघांनाही पेशंटवर जाण्याआधी सरावाची जागा हवी. सिम्युलेटर ती जागा देतो: कड्या तारेवरून न्यायच्या, खुंट्या उचलून ठेवायच्या, स्पंजला टाके घालायचे, आणि यंत्र प्रत्येक वायफळ हालचाल, प्रत्येक जास्तीचा दाब नोंदवते. २०१२ पासून रोबोटिक कामाला गुण देण्याची एक पद्धतही वापरात आहे. खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कामातली काटकसर, दाबाचे भान, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता आणि यंत्रावरचा ताबा असे सहा निकष त्यात पाहिले जातात. वय आणि हुद्दा त्या यादीत नाही.

ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. सुश्रुतसंहितेत शल्याच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा आणि काकडीवर, भेदण्याचा पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर, शिरा टोचण्याचा कमळाच्या देठावर, शोध घेण्याचा किडीने पोखरलेल्या लाकडावर, टाक्यांचा कापडावर आणि मऊ कातड्यावर. कितीही शास्त्र ऐकलेला माणूस सराव केल्यावाचून कामाला पात्र होत नाही, असे तिथे बजावले आहे. पुण्याजवळ १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले गेले. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. जोसेफ कार्प्यू या तिथल्या सर्जनने तिचा ध्यास घेतला. तो शरीररचनाशास्त्राचा शिक्षक होता, चेहऱ्याचा प्रत्येक स्नायू त्याला ठाऊक होता. तरीही आधी मृतदेहांवर त्याने हात बसवला आणि ऑक्टोबर १८१४ मध्ये पहिल्या जिवंत रुग्णावर ती शस्त्रक्रिया केली. डोक्यातले ज्ञान हातात आपोआप उतरत नाही, हे त्याने ओळखले होते.

जुना हात नव्या यंत्रावर कसा बसवायचा, हा प्रश्न आज छत्रपती संभाजीनगरचाही आहे. १९५६ पासून इथले घाटी रुग्णालय मराठवाड्याच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या रुग्णांचा भार उचलत आहे. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याहून आलेल्या माणसांच्या सेवेत इथल्या निवासी डॉक्टरांच्या पिढ्या ओपन शस्त्रक्रियेत तयार झाल्या. अपघाताचे फुटलेले पोट, उशिरा आलेली गाठ, अडकलेले आतडे: या कामातून येणारे ऊतींचे ज्ञान कोणत्याही सिम्युलेटरमधून मिळत नाही. रोबोट आले म्हणून या शिक्षणाला कमी लेखणे घातक ठरेल. यंत्र बिघडले किंवा अचानक रक्त उसळले तर पोट उघडावेच लागते, आणि ते धीराने उघडणारा माणूस तेव्हा खोलीत असायला हवा.

यंत्रेही आता एकाच जातीची राहिलेली नाहीत. हृदयशल्यविशारद सुधीर श्रीवास्तव यांच्या कंपनीने गुरुग्राममध्ये 'मंत्रा' हा भारतीय रोबोट घडवला. त्यात सर्जन डोके आत न घालता त्रिमित चष्मा लावून उघड्या पडद्यासमोर बसतो. 'दा विंची'च्या २०२४ मधल्या पाचव्या पिढीने हरवलेल्या स्पर्शाचा काही भाग परत आणला आहे. किमती उतरतील, यंत्रे मोठ्या शहरांबाहेर पसरतील. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर सवयीचा काही भाग पुन्हा शून्यावर येईल, तीस वर्षे काम केलेल्यांचाही.

म्हणून संस्थांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला कळकळीने वाटते. ज्येष्ठता कितीही असो, नव्या यंत्रावर पहिला रुग्ण घेण्याआधी सिम्युलेटरवरची परीक्षा सर्वांना सारखी असावी. सुरुवातीच्या शस्त्रक्रियांत त्या यंत्रावर मुरलेला सर्जन शेजारी असावा. आणि निकालांची वही सिडनीसारखी, वर्षानुवर्षे, वेळ नव्हे तर रुग्णाचे बरे होणे मोजणारी असावी.

रुग्णाच्या नातेवाइकांनाही एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: डॉक्टर, या यंत्रावर आपण किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? विचारण्यात अपमान नाही, आणि चांगला सर्जन त्याचे उत्तर आकड्यात देईल. घाटीच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न विचारण्याचे धैर्य क्वचितच होते. त्याच्या वतीने तो प्रश्न विचारणे आणि उत्तर लिहून ठेवणे हे रुग्णालयाचे काम आहे. शिकण्याची किंमत कोणीतरी मोजतेच. ती सरावाच्या खोलीत मोजली गेली, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजावी लागत नाही.